बाळाचा हर्निया तालुक्यालाच करावा की पुण्याला न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा तीन महिन्यांचा, ३३ आठवड्यांना जन्मलेला, आता वजन ४ किलो २०० ग्रॅम. रडला की उजव्या जांघेत फुगा येतो, शांत झोपला की जातो. तुमच्या तालुक्यातले सर्जन म्हणतात, वीस वर्षं हर्निया करतोय, अर्ध्या तासाचं काम आहे, पुढच्या आठवड्यात करून टाकू. मेव्हणे म्हणतात, पुण्याला लहान मुलांच्या सर्जनकडे न्या. आजी म्हणतात, दोन वर्षांचा होऊ दे, तोवर पट्टा बांधू. बाळाच्या आईला भुलेची धास्ती आहे. आणि शेवटी तुम्ही जरा वैतागूनच विचारलंय, की एवढ्याशा हर्नियासाठी हे वेगळे सर्जन शिकतात तरी काय?

मी स्वतः लहान मुलांची सर्जन आहे, तेव्हा 'आमच्याकडेच या' असं उत्तर येणार हे तुम्ही धरूनच चालला असाल. ते अगदी तसं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक आधीच सांगते: मी बाळाला पाहिलेलं नाही. जांघेतला प्रत्येक फुगा हर्निया नसतो. कधी ते नुसतं पाणी असतं, कधी खाली न उतरलेलं वृषण असतं. तपासलेल्या डॉक्टरांनी हर्निया म्हटलंय, ते बरोबर आहे असं धरून पुढचं सगळं.

तुमच्या घरात वाद चाललाय तो 'कोणी करायचं' यावर. माझ्या मते त्याच्या आधीचे दोन प्रश्न कुणी विचारलेलेच नाहीत. या बाळाला, या वयात, पुढच्याच आठवड्यात भूल द्यायची का? आणि दिली, तर त्या रात्री बाळ कुठे असेल आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल? या दोन्हींची उत्तरं मिळाली की सर्जन कोण, ते बहुतेक आपोआप ठरतं.

आधी हर्निया. मोठ्या माणसाच्या जांघेतला हर्निया आणि बाळाचा हर्निया, जागा एकच असली तरी आजार वेगळे आहेत. मोठ्यांमध्ये पोटाची भिंत कमकुवत झालेली असते, म्हणून तिथे जाळी बसवतात. बाळाची भिंत धडधाकट असते. गर्भात वृषण पोटात तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यापासून जांघेतून खाली अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या अस्तराची एक नळीही बरोबर येते आणि जन्माच्या आगेमागे ती बंद होते. ती उघडी राहिली की तिच्यातून आतडं खाली येतं. तुमचं बाळ सात-आठ आठवडे लवकर आलं, म्हणजे नळी बंद व्हायच्या आधीच आलं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत एक ते पाच जणांना हा हर्निया होतो, कमी दिवसांच्या बाळांत प्रमाण कितीतरी जास्त. उजवीकडे जास्त दिसतो, कारण उजवं वृषण उशिरा उतरतं. तेव्हा आईने काही उचललं, बाळाला जास्त रडू दिलं, असलं काही मनात आणू नका.

शस्त्रक्रिया कागदावर सोपी आहे: जांघेच्या घडीत दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, नळी शोधायची, वेगळी करायची, वर पोटाजवळ बांधून टाकायची. जाळी नाही, भिंतीची डागडुजी नाही. अवघड आहे ते 'वेगळी करायची' हे. या वयात ती नळी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते, ओढली की फाटते, आणि फाटली की चीर पोटाच्या आतपर्यंत जाते. तिला चिकटूनच वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या असतात. वीर्यवाहिनीची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. चिमट्यात ती नुसती दाबली गेली तरी इजा होऊ शकते, आणि ती झाली होती हे कळायला पंचवीस-तीस वर्षं जातात. कमी दिवसांच्या बाळाचा हर्निया, त्यातही मोठा असला तर, आमच्यातल्या अनुभवी लोकांनाही घाम फोडतो. 'सोपा हर्निया' म्हणणारा मुलांचा सर्जन मला अजून भेटायचाय.

आजींच्या पट्ट्याचं काय? पट्टा नको. नळी उघडी आहे ती आतून, बाहेरून दाबून ती बंद होत नाही. उलट पट्ट्याखाली आतडं अडकलं तर लवकर लक्षात येत नाही. आजींचा अनुभव बहुधा बेंबीच्या हर्नियाचा असणार. बेंबी फुगलेली बाळं भरपूर असतात आणि त्यातली बहुतेक चार-पाच वर्षांपर्यंत खरोखरच आपोआप बरी होतात. लोक बेंबीवर रुपयाचं नाणं बांधतात, बेंबी बसते, आणि श्रेय नाण्याला जातं. जांघेच्या हर्नियात तो भरवसा नाही. इथे अडकण्याचा धोका असतो, आणि तो पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. म्हणून दोन वर्षं थांबायचं नाही.

मग पुढच्या आठवड्यात करायचं? इथे मात्र 'अवलंबून आहे' म्हणावं लागतं. कमी दिवसांच्या बाळाचं वय आम्ही दोन प्रकारे मोजतो. जन्मापासून ते तीन महिन्यांचं आहे. पण गर्भातले ३३ आणि बाहेरचे १३ मिळून आज ४६ आठवडे होतात. भुलेसाठी महत्त्वाचा हा दुसरा आकडा. अशा बाळांच्या मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण अजून पिकलेलं नसतं. भूल उतरल्यावर, बाळ छान दूध प्यायल्यावरही, मधेच श्वास थांबू शकतो आणि नाडी मंदावू शकते. हा धोका वयाबरोबर कमी होतो. ६० आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर रात्रभर मॉनिटरवर ठेवायचं, असा नियम आमच्याकडे बहुतेक ठिकाणी पाळतात. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर धोका आणखी वाढतो, आणि या वयात कमी दिवसांच्या बाळांचं ते बऱ्याचदा खाली असतंच.

दुसऱ्या पारड्यात अडकण्याचा धोका. दोन्ही तोलायचे कसे, यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद होता. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी दिवसांच्या बाळांचा हर्निया नवजात विभागातून घरी सोडण्यापूर्वी करावा, की ५५ आठवडे उलटून गेल्यावर, हा त्यातला प्रश्न. थांबलेल्या गटात गंभीर त्रास कमी बाळांना झाले. पण तुमच्यासाठी वाचताना एक फरक लक्षात ठेवायला हवा: थांबणाऱ्या त्या पालकांना आतडं अडकलं तर तासाभरात मोठं रुग्णालय गाठता येत असेल. तुम्हाला पुणं तीन-चार तासांवर आहे. फुगा रोज येतोय का, सहज आत जातोय का, केवढा आहे, बाळाला घरी सोडताना ऑक्सिजन लागत होता का, यावरही ठरेल. सहज आत जाणारा लहान फुगा आणि जवळ सोय असेल, तर मी आठ-दहा आठवडे थांबेन. एकदा जरी अडकून डॉक्टरांना तो आत ढकलावा लागला असेल, तर थांबणार नाही. अशा वेळी सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन त्याच भरतीत शस्त्रक्रिया करून टाकायची.

आता आईची भीती. भुलेने मेंदूवर परिणाम होतो का, हा प्रश्न मला ओपीडीत जवळजवळ रोज येतो, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता, की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मग मोबाइलवर तेवढंच फिरत राहिलं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास मात्र नेमका तुमच्यासारख्या बाळांचाच आहे. सात देशांतली सातशेच्या वर बाळं, सगळी हर्नियाची, सगळी ६० आठवड्यांखालची. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना पाठीत इंजेक्शन देऊन जागेपणी शस्त्रक्रिया. पाच वर्षांची झाल्यावर बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेतल्या, तर दोन्ही गट सारखे. पूर्ण भुलेचा सरासरी वेळ तासाभराच्या आतला होता. एकदाच, थोडा वेळ दिलेल्या भुलेची ही धास्ती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

खरी काळजी भुलेच्या टेबलावरची. बाळाच्या श्वासनळीची रुंदी चार मिलिमीटरच्या आसपास. नळी घालताना आत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर हवेची वाट पाव भागच उरते. मोठ्या माणसाला तेवढ्या सुजेने घसा बसल्यापलीकडे काही होत नाही. बाळाचं अंग वजनाच्या मानाने खूप उघडं असतं, एसी चालू ठेवलेल्या थिएटरमध्ये ते मिनिटा-मिनिटाला थंड होतं, आणि थंड झालेलं बाळ भुलेतून उठायला वेळ लावतं. उपाशी किती ठेवायचं याचंही गणित आहे. आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास. 'रात्री बारानंतर काही देऊ नका' हे मोठ्यांचं वाक्य बाळाला लावलं तर सकाळी अकराला ते साखर उतरलेल्या अवस्थेत टेबलावर येतं. म्हणून बाळं यादीत पहिली घ्यायची असतात. हे सगळं सांभाळतो तो भूलतज्ज्ञ. हर्नियाच्या बाळासाठी मला चांगला सर्जन आणि चांगला भूलतज्ज्ञ यांत एकच निवडायला सांगितलं, तर मी भूलतज्ज्ञ निवडेन. माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही.

आता तुमचा वैतागलेला प्रश्न. वाट अशी: साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं एमसीएच पीडियाट्रिक सर्जरी, म्हणजे लहान मुलांच्या सर्जरीची पदवी. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी हाही मार्ग आहे. म्हणजे हात कापाकापीला एमएसमध्येच सरावलेला असतो. पुढची तीन वर्षं त्या हाताला आवरायला शिकवतात.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरच्या, वाट्याला थिएटर कमी आणि वॉर्ड जास्त येतो. मोठ्या आतड्याच्या टोकाला मज्जातंतूंच्या पेशी नसलेली बाळं असतात, त्यांना हर्शस्प्रंगचा आजार म्हणतात. जन्मल्यावर दोन दिवस शी झाली नाही की आम्ही त्याचा संशय घेतो. या बाळांची आतडी शस्त्रक्रियेपर्यंत रोज धुवावी लागतात, साध्या पाण्याने नाही, सलाइनने, आणि जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं का हे मोजून. कंटाळवाणं, वास मारणारं काम आहे. पण बाळाचं पोट हाताला कसं लागतं, फुगलेलं कोणतं आणि बिघडलेलं कोणतं, हे तिथेच कळतं. पोटावर शीची वाट काढलेल्या बाळाच्या आईला जुन्या सुती साडीच्या घड्या कशा ठेवायच्या, कातडी लाल झाली तर काय लावायचं, हेही रेसिडेंटच शिकवतो. परळच्या वाडिया रुग्णालयात (ते १९२९ पासून आहे), केईएममध्ये, सायनला, ससूनला, जिथे कुठे हे शिक्षण होतं तिथल्या वॉर्डात हे दृश्य सारखंच. मुंबई विद्यापीठाच्या माजी कुलगुरू म्हणून आपल्याला माहीत असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख मूळच्या याच शाखेतल्या.

मग रक्ताचा हिशेब. किलोमागे साधारण ८० मिलिलिटर धरलं तर तुमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ३४० मिलिलिटरच्या आसपास रक्त आहे, म्हणजे रक्तपेढीच्या एका पिशवीइतकं. मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत दुर्लक्ष होईल एवढं रक्त इथे दहावा हिस्सा असतो. त्यामुळे बोळे मोजायची, औषध किलोवर काढून दुसऱ्याकडून तपासून घ्यायची, भिंगाचा चष्मा लावून केसाहून बारीक दोऱ्याने टाके घालायची सवय लागते. अन्ननलिका जन्मतः तुटलेल्या बाळाची दोन टोकं जोडताना ती चिमट्यात धरायचीही नसतात. १९४१ मध्ये मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट यांनी ती एकाच शस्त्रक्रियेत पहिल्यांदा यशस्वीपणे जोडली. आज आपल्याकडे ती नेहमीची शस्त्रक्रिया आहे, सोपी मात्र झालेली नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'केव्हा' हे शिकण्यात. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत सगळं आतडं काळं पडतं. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे आणि शी पांढुरकी होतेय, तर पित्ताची वाट बंद आहे का ते लगेच बघायचं, कारण त्यावरची कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. याउलट अंडकोशात नुसतं पाणी असेल तर दीड-दोन वर्षं थांबायचं, बहुतेकांचं जिरतं. वृषण खाली आलं नसेल तर सहा महिने वाट पाहायची, पुढे नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत खाली आणून बसवायचं. शूची जागा खाली असलेल्या मुलाची सुंता करायची नाही, कारण ती कातडी पुढे दुरुस्तीला लागते. माझ्याकडे शस्त्रक्रियेची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या कितीतरी मुलांना मी 'सहा महिन्यांनी दाखवा' म्हणून परत पाठवते. नातेवाईकांना वाटतं, बाईंनी काहीच केलं नाही, फी मात्र घेतली.

(हृदय, मेंदू, हाडं हे आमचं क्षेत्र नाही, त्यांचे सर्जन निराळे. हे लिहितेय कारण पाय वाकडा म्हणूनही लोक येतात.)

तर मग तुमचे तालुक्याचे सर्जन चालणार नाहीत का? पाच वर्षांचा तब्येतीने ठणठणीत मुलगा असता, ते मुलांचे हर्निया नियमित करत असते आणि भूलतज्ज्ञ मुलांना सरावलेला असता, तर मी म्हटलं असतं, खुशाल करा, पुण्याच्या फेऱ्या वाचवा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. मुलांच्या सर्जननी केलेले हर्निया परत उद्भवण्याचं प्रमाण कमी होतं, मग त्यांनी वर्षाला थोडे केलेले असोत की खूप. जनरल सर्जनांमध्ये मात्र जे थोडे करत त्यांचं प्रमाण जास्त, आणि जे भरपूर करत ते मुलांच्या सर्जनच्या जवळपास पोहोचत. वीस वर्षांचा अनुभव खराच असतो. फक्त तो कोणत्या वयाच्या रुग्णांचा, ते विचारायचं. मुलांचे सर्जन शहरांत दाटीने आणि ग्रामीण भागात जवळजवळ नाहीत, अशा राज्यात जनरल सर्जननी मुलांचे हर्निया केलेच नसते तर कितीतरी मुलांचं आतडं गेलं असतं. त्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण तुमचं बाळ ४६ आठवड्यांचं आहे. त्याला रात्रभर मॉनिटर हवा, श्वास थांबला तर तो सुरू करून देणारं माणूस खाटेपाशी हवं आणि त्याच इमारतीत एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, हवा. तालुक्याच्या डॉक्टरांना सरळ, आदराने विचारा: एक वर्षाच्या आतली बाळं तुमच्याकडे कितपत होतात? भूल कोण देणार, ते मुलांना नेहमी देतात का? रात्री बाळापाशी कोण असेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. बरेचदा तेच म्हणतात, 'हे बघा, याला तुम्ही पुण्याला न्या', आणि चिठ्ठीही देतात. ती चिठ्ठी घ्या. माझा कल स्पष्ट आहे: या बाळाला न्यावं, मात्र घाईने उद्याच नाही. या आठवड्यात मुलांच्या सर्जनला एकदा दाखवा आणि तारीख त्यांना ठरवू द्या.

पैशाचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो असतोच. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात ही सोय आहे. खासगीत जाणार असाल तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का आणि या शस्त्रक्रियेला ती लागू पडते का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारा. रेशनकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात, त्यांच्याकडूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते.

थांबायचं ठरलं तर एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे, आजींनासुद्धा. फुगा कडक झाला, शांत केल्यावरही आत जाईना, वरची कातडी लाल झाली, बाळ हातात घेऊनही रडायचं थांबेना, उलटी झाली, विशेषतः हिरवी, किंवा पोट फुगलं, तर दूध पाजणं बंद करायचं आणि निघायचं. घरी दाबून बसवायचा प्रयत्न नको. अशा वेळी आधी सगळ्यात जवळच्या रुग्णालयात जा; तुमचे तालुक्याचे सर्जन बाळाला शांत करून फुगा आत बसवू शकतील, पुण्याचा रस्ता त्यानंतर. बसला नाही तर फोन करून, सलाइन लावून पाठवतील.

दाखवायला जाताना नवजात विभागाचं डिस्चार्ज कार्ड न विसरता न्या. किती आठवड्यांचं, श्वासाचं यंत्र किती दिवस लावलं होतं, रक्त दिलं होतं का, हे त्यावर असतं. अलीकडचं हिमोग्लोबिन केलं असेल तर तो कागदही. आणि फुगा आलेला असताना मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजू दिसतील असा. आमच्यासमोर आलं की बाळं हमखास झोपतात आणि फुगा गायब होतो.